'महिला संचालक' ट्रेनिंग, दोन दिवस, २४,७८० रुपये: एक सेशन सोन्यासारखं, बाकीचं विचार करून

मागच्या महिन्यात पुण्यात दोन दिवसांचं एक ट्रेनिंग केलं, कंपन्यांच्या संचालक मंडळावर जायची इच्छा असलेल्या बायकांसाठीचं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशी ट्रेनिंगं आता बऱ्याच ठिकाणी निघालीत आणि माहितीपत्रकं बघितली तर साचा साधारण एकच दिसतो, तुम्ही कुठंही पैसे भरणार असाल तरी माझा अनुभव कामाला येईल. फी २१,००० अधिक जीएसटी, म्हणजे हातातून गेले २४,७८०. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, चहा आणि एक जाडजूड फाइल. राहायचं आपलं आपण बघायचं, मी कोथरूडला आतेबहिणीकडे राहिले. पाचपैकी साडेतीन स्टार देते, आणि त्यातले तीन एकट्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळचे आहेत.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे कुठल्या नजरेनं लिहितेय ते कळेल. मी कॉस्ट अकाउंटंट, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत फायनान्स बघते, चोवीस वर्षं झाली. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, त्यामुळे बोर्डावर एक तरी बाई हवी हा नियम आम्हाला लागूच होत नाही, आणि बाई नाहीच आहे. आता पन्नाशी जवळ आली, मुलगी शिकायला बाहेर गेली, तर वाटलं की इतकी वर्षं बॅलन्सशीट केल्या, आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायला काय लागतं ते नीट शिकून घ्यावं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला सुरू, मी पहाटेची नाशिक-पुणे बस धरली तरी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि वीस मिनिटं उशिरा पोचले. पण खरं सांगायचं तर काही चुकलं नाही. पहिलं सेशन 'पर्सनल ब्रँडिंग'. फोटो कसा असावा, मीटिंगला साडी नेसावी की ब्लेझर घालावा, कुठला रंग अधिकार दाखवतो, हात मिळवताना किती घट्ट धरायचा. तीन तास! समोर बसलेल्या बायका कोण होत्या तर एक निवृत्त प्राध्यापिका, दोन सीए, एक बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या डीजीएम, एक वकील, एकजण स्वतःचा औषधांचा कारखाना चालवणारी. या बायकांना उभं कसं राहायचं हे शिकवायला आणलं होतं. शिकवणारी मुलगी गोड होती, मेहनत घेत होती, राग तिच्यावर नाही. पण पुरुषांसाठी असंच ट्रेनिंग असतं तर पहिल्या दिवसाची सकाळ शर्टाच्या रंगावर गेली असती का? आमच्यात कॉन्फिडन्स कमी आहे म्हणून बोर्डावर बायका कमी आहेत, असं धरून चालणारी ही मांडणीच मला पटत नाही, आणि फीडबॅक फॉर्मवर मी तसं स्पष्ट लिहून दिलंय.

दुपारी कायद्याचं सेशन. स्लाइड्स इंग्रजीत आणि वाचणारे सर सुसाट, तरी माहिती चांगली होती, थोडक्यात सांगते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४९, त्यानुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या प्रत्येक कंपनीत निदान एक महिला संचालक पाहिजे, आणि नोंद नसली तरी पब्लिक कंपनीचं भरणा भांडवल, म्हणजे भागधारकांनी भरलेला पैसा, १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी असेल तर तिथंही पाहिजे. जागा रिकामी झाली तर तीन महिन्यांत किंवा पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर भरायची. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नोंद असलेल्या कंपन्यांना आधी १ ऑक्टोबर २०१४ ची तारीख दिली होती, ती पुढं ढकलून १ एप्रिल २०१५ केली, आणि तरीही मार्चच्या शेवटच्या दिवसांत कंपन्यांची पळापळ झाली, कितीतरी ठिकाणी प्रमोटरची, म्हणजे कंपनी ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकाची, बायको, आई, बहीण, मुलगी, सून जी घरात होती तिला आणून बसवलं. मग कंपन्यांचा कारभार सुधारायला सेबीनं नेमलेल्या उदय कोटक समितीचा अहवाल २०१७ ला आला, त्यानंतर नियम कडक झाला की बाजारमूल्यानं पहिल्या ५०० कंपन्यांमध्ये १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० मध्ये १ एप्रिल २०२० पासून निदान एक महिला *स्वतंत्र* संचालक पाहिजे, म्हणजे मालकांशी नातं किंवा व्यवहार नसलेली, घरची चालणार नाही. नवीन कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. मीटिंगला बसण्याचे जे पैसे देतात, सिटिंग फी, ते महिला संचालकांना आणि स्वतंत्र संचालकांना बाकीच्यांपेक्षा कमी देता येत नाहीत असं नियमातच लिहिलंय. कुणीतरी विचार करून घातलेली ओळ आहे ती.

नॉर्वेचंही सांगितलं. तिथं २००३ ला कायदा झाला, बोर्डावर ४० टक्के बायका हव्यात असा, आणि आणणारा मंत्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पुरुष, अन्सगार गाब्रिएलसन. आधी कंपन्यांना म्हणाले स्वतःहून करा, नाही केलं, मग २००६ पासून सक्ती, दोन वर्षांची मुदत आणि न पाळणारी कंपनी विसर्जित करायची तरतूद. २००८ पर्यंत ४० टक्के झाले सुद्धा. आपल्याकडे मात्र आकडा 'एक'वरच थांबलाय, बारा जणांचं बोर्ड असो की सहा जणांचं.

इथं वर्गात वाद झाला. एकजण म्हणाल्या की घरातल्या बायका बसवल्या म्हणजे सगळ्या सहीच्या बाहुल्या. मला हे सरसकट मान्य नाही. पुण्यातलीच थरमॅक्स कंपनी बघा की, बॉयलर बनवणारी. अनु आगा कंपनीत एचआर बघत होत्या, नवरा रोहिंटन आगा १९९६ ला अचानक गेले आणि त्या अध्यक्ष झाल्या. पुढं शेअर कोसळला, एका भागधारकाचं पत्र आलं की तुम्ही आम्हाला निराश केलंत, आणि ते पत्र मनाला लावून घेऊन त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, बोर्डाची फेररचना केली, कंपनी पुन्हा उभी केली, आणि २००४ ला मुलीकडं, मेहेर पदमजींकडं अध्यक्षपद देऊन बाजूला झाल्या. त्या घरच्याच होत्या ना? नातं असणं हा दोष नाहीच, कागद वाचता की नाही आणि प्रश्न विचारता की नाही यावर सगळं आहे. आणि हे मी इतक्या ठामपणे म्हणतेय कारण मी स्वतः तशी 'घरची' म्हणून बसवलेली बाई होते, आणि मी कागद वाचले नव्हते.

२०१५ चीच गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती, माझे सासरे तिच्या जुन्या लोकांपैकी. सहकारात संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यातल्या एकीवर सासऱ्यांनी माझं नाव दिलं, बिनविरोध निवडून आले. मी नाशिकला नोकरीत, मीटिंग गावी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी तीनला. पहिल्या दोन-तीनला रजा टाकून गेले, मग जमेना. मग असं सुरू झालं की रविवारी आम्ही गावी गेलो की पतसंस्थेचा शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगच्या नोंदींची वही, घेऊन घरी यायचा. ओसरीवर बसायचा, पिशवीतून ते लाल कापडी पाठीचं बुक काढायचा, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात द्यायचा. "वहिनी, इथं आणि इथं." एक सही हजेरीची, एक खाली. कणीक मळता मळता हात पुसून सह्या केल्यात मी. एकदा सहज वाचलं तर ठरावाखाली लिहिलेलं, सूचक अमुक, अनुमोदक सौ. आणि पुढं माझं नाव. ज्या मीटिंगला मी गेलेच नव्हते तिथं मी अनुमोदन दिलं होतं. कर्जाचा ठराव होता, रक्कम मोठी होती, तारण काय ते एका ओळीत. मी सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले "चेअरमन बघतात सगळं, आपली माणसं आहेत." मी सही केली.

दुसऱ्या राखीव जागेवर एक मावशी होत्या, बचत गटाच्या. शिक्षण सातवी, पण गटाचा हिशोब तोंडपाठ. मी हजर असलेल्या एका मीटिंगला त्यांनी विचारलं होतं की या माणसाचं आधीचं कर्ज थकलेलं असताना परत कसं देताय. सगळे एक क्षण गप्प झाले आणि मग कुणीतरी म्हणालं, "मावशी, चहा सांगू का अजून?" हसले सगळे. मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा फायनान्समध्ये पंधरा वर्षं काढलेली बाई, त्यांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे हे मला कळत होतं, आणि मी वहीकडं बघत बसले. दोन वाक्यं बोलायची होती फक्त, "मावशी बरोबर विचारतायत, मलाही उत्तर हवंय." पुढं तीन वर्षांनी पतसंस्थेवर प्रशासक आला. मावशींच्या गटातल्या बायकांच्या ठेवी अडकल्या, काहींना थोडेथोडे मिळाले, काहींना अजून नाहीत. त्या ठरावाखाली अनुमोदक म्हणून माझं नाव आजही आहे.

हे सगळं घेऊन मी दुसऱ्या दिवशीच्या सेशनला बसले होते, म्हणून कदाचित मला ते इतकं लागलं असेल, पण बाकीच्याही म्हणाल्या की पैसे इथंच वसूल झाले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला प्रत्येकीला फाइल दिली, १४० पानं, एका काल्पनिक कंपनीच्या बोर्ड मीटिंगचा अजेंडा आणि सगळे कागद. सकाळी नऊला मीटिंग. खऱ्या आयुष्यात सात दिवस आधी नोटीस द्यावी लागते, इथं एक रात्र. बहीण जेवायला हाक मारतेय आणि मी पानं उलटतेय. सहावा विषय, कंपनीसाठी चाकणजवळ गोडाऊन भाड्यानं घेणे, मालक प्रमोटरच्या मुलाची कंपनी. ठरावात भाडं 'बाजारभावानुसार' लिहिलेलं. पान ८७ ला जोडपत्र होतं बारीक अक्षरात, तिथं महिन्याला चौरस फुटाला ३२ रुपये, दर वर्षी १२ टक्के वाढ, नऊ वर्षांचा करार, चोवीस महिन्यांचं डिपॉझिट. आणि त्याच जोडपत्रात आजूबाजूच्या गोडाऊनचे दर दिलेले, २४ च्या आसपास. मी तिथंच पेन्सिलीनं मांडलं, ३२ चे नवव्या वर्षी ७९ च्या वर जातात.

सेशन घेणारे सर सत्तरीच्या पुढचे, निवृत्त कंपनी सेक्रेटरी. ते स्वतः चेअरमन झाले, आम्ही सातजणी संचालक, बाकीच्या बघायला. विषय एक ते पाच भराभर झाले, सहावा त्यांनी अर्ध्या मिनिटात वाचला. "काही प्रश्न? नाही? चला पुढे."

संभाजीनगरहून आलेल्या निवृत्त प्राध्यापिका मॅडमनी हात वर केला. "सर, हा नातेवाइकाशी व्यवहार आहे, ऑडिट कमिटीच्या मंजुरीचा कागद फाइलमध्ये दिसत नाही." अगदी नेमका मुद्दा, कारण असे व्यवहार आधी बोर्डाच्या या हिशोब तपासणाऱ्या समितीकडं जावे लागतात! सर हसून म्हणाले, "मॅडम, चांगला प्रश्न, आपण मीटिंगनंतर निवांत बोलू, आता वेळ थोडा आहे." आवाज इतका गोड की राग येऊच नये. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि पान उलटलं. आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मला तो चहा आठवला. मी म्हणाले, "चेअरमन साहेब, मॅडमचा मुद्दा आत्ताच घ्यावा असं माझं मत आहे, आणि पान ८७ वरचं भाडं शेजारच्या दरापेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त आहे, त्याचंही उत्तर हवंय." आवाज थरथरला माझा, नाटक आहे हे माहीत असून. पण खोली बदलली हो. सीएफओ, म्हणजे कंपनीच्या आर्थिक प्रमुख, झालेल्या बाईंना फाइल उघडावी लागली, आणखी एकीनं डिपॉझिटचं विचारलं, पंधरा मिनिटं चर्चा चालली. मतदानात आम्ही पाच विरुद्ध दोन हरलो. सर म्हणाले हरणं ठीक आहे, खरं काम आता सुरू होतं, घरी जा.

सोमवारी संध्याकाळी मेलवर मीटिंगचं कच्चं इतिवृत्त आलं. सहाव्या विषयाखाली एक ओळ: सविस्तर चर्चेनंतर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. संभाजीनगरच्या मॅडम नाहीत, मी नाही, पान ८७ नाही. मी ऑफिसमधून निघता निघता पार्किंगमध्ये उभी राहून ते तीनदा वाचलं.

हाच त्यांचा गृहपाठ होता. कच्चं इतिवृत्त पंधरा दिवसांत पाठवायचं असतं आणि संचालकांना आपलं म्हणणं कळवायला सात दिवस मिळतात, आणि सरांनी सांगितलं की बहुतेक संचालक ते उघडतही नाहीत. कलम ११८ प्रमाणे ठरावाला विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात यायलाच पाहिजे. स्वतंत्र संचालकांची जी आचारसंहिता आहे, कायद्याची चौथी अनुसूची, तिच्यात तर सरळ लिहिलंय की तुमच्या शंकेचं निरसन झालं नसेल तर ती इतिवृत्तात नोंदवायचा आग्रह धरा. उद्या कंपनीत काही घडलं तर स्वतंत्र संचालकाला त्या गोष्टीची माहिती होती का, संमती होती का, तिनं काळजीपूर्वक काम केलं का, यावर तिची जबाबदारी ठरते, आणि त्याचा पुरावा काय, तर हा कागद. सर आमच्याशी जे बोलले त्यातलं हे मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "तुम्ही काय बोललात ते कुणाला आठवणार नाही, काय लिहिलं गेलं तेवढंच राहतं."

मी रात्री मेल लिहिला, सहा ओळींचा. संभाजीनगरच्या मॅडमना फोन केला, त्यांनीही वेगळा लिहिला. गुरुवारी सुधारित प्रत आली, दोन्ही नावं विरोधात, कारणांसकट. मला माहितीये ही खोटी कंपनी आहे, खोटं गोडाऊन आहे. पण प्रिंट काढून ठेवलीय मी.

आणि म्हणून माझं मत असं झालंय की कायद्यातला 'निदान एक' हा आकडा अपुरा आहे. एकटी बाई कितीही हुशार असो, तिचा प्रश्न गोड बोलून टेबलाखाली सरकवता येतो, लेखी कळवलं तरी ते एकटीचंच म्हणणं राहतं. दुसरी असली की तिला कुणीतरी अनुमोदक मिळतो, खरा अनुमोदक. आमच्या पतसंस्थेत दोन जागा होत्या आणि तरी काही झालं नाही कारण दुसरी मी होते. म्हणजे दोन पाहिजेत आणि दोघींनी कागद वाचलेले पाहिजेत, नुसत्या खुर्च्या मोजून भागत नाही.

आता न आवडलेलं शेवटचं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास 'प्लेसमेंट असिस्टन्स'ची विक्री. वेगळे ७५,००० भरा, आम्ही तुमचं प्रोफाइल कंपन्यांपर्यंत पोचवू, आजच भरलं तर सूट. एकेकीला बाजूला घेऊन विचारत होते, दोघींनी भरले पण. मैत्रिणींनो, हे भरू नका. संचालकपदासाठी नावं निवडायचं काम कंपनीची नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी करते, कुठलीही ट्रेनिंगवाली संस्था खुर्चीची खात्री देऊ शकत नाही. स्वतंत्र संचालक व्हायचं असेल तर सरकारच्या आयआयसीएची (कंपनी कारभाराचं प्रशिक्षण देणारी संस्था) अधिकृत डेटाबँक, म्हणजे इच्छुकांची यादी, आहे, तिथं स्वतः नोंदणी करता येते, एका वर्षाचे ५,००० अधिक जीएसटी, वाचायचं साहित्य तिथंच मिळतं, आणि ऑनलाइन परीक्षा असते, पास व्हायला ५० टक्के लागतात. मी नोंदणी केलीय, परीक्षेची तयारी चालू आहे.

जेवण चांगलं होतं, दुसऱ्या दिवशीची मटकीची उसळ विशेष. हॉलचा एसी फार गार, शाल न्या. मराठीत काहीच लेखी साहित्य नाही, हे मला खटकलं, कारण गावोगावच्या पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्यांवर ज्या बायका बसतात त्यांना या इतिवृत्ताच्या सेशनची जास्त गरज आहे आणि त्यांच्यापर्यंत ते असं हॉटेलात इंग्रजीतून कधीच पोचणार नाही. मी सरांना तसं बोलले, ते म्हणाले बोलवा, येतो. मावशींना फोन केलाय, त्या बचत गटाच्या फेडरेशनमध्ये विचारून सांगते म्हणाल्यात.

जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: मॉक मीटिंग आहे का, आणि नंतर कच्चं इतिवृत्त पाठवतात का. दोन्हीला हो म्हणाले तर जा, पहिल्या सकाळी उशिरा पोचलात तरी चालेल.